यादवी युद्ध आणि राजकीय हिंसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत बसणारे स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार, मुलगा परदेशी कामाला गेलेले सिडकोतले आईवडील, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यादवी युद्ध म्हणजे नक्की काय? किती माणसं मेली की त्याला युद्ध म्हणायचं?

एकाच देशाच्या हद्दीत, त्या देशाचं सरकार आणि एखादी संघटित सशस्त्र फळी यांच्यात सत्तेसाठी किंवा भूभागासाठी चाललेली लढाई म्हणजे यादवी युद्ध. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक बाजू सरकारची हवी. दुसऱ्या बाजूला नाव, नेतृत्व आणि शस्त्रं असलेली संघटना हवी. आणि दोन्ही बाजूंची माणसं पडतील इतका प्रतिकार हवा. विद्यार्थी तिसरी अट हमखास विसरतात. एकाच बाजूची माणसं मारली जात असतील तर ते हत्याकांड असतं, युद्ध नसतं.

आकड्यांसाठी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची नोंद सर्वाधिक वापरली जाते. एका कॅलेंडर वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर ‘सशस्त्र संघर्ष’ आणि १,००० झाले तर ‘युद्ध’. या नोंदीनुसार २०२४ मध्ये, किमान एक बाजू सरकारची असलेले ६१ संघर्ष चालू होते. १९४६ पासूनचा हा सर्वांत मोठा आकडा आहे आणि त्यांतले बहुतेक देशांतर्गत आहेत. २५ आणि १,००० हे फक्त लढाईतले मृत्यू आहेत. भुकेने आणि रोगाने गेलेल्यांचं काय, ते प्रश्न ७ मध्ये पाहा.

२. मग दंगल, बॉम्बस्फोट, राजकीय खून यांना काय म्हणायचं?

या सगळ्या राजकीय हिंसेच्याच जाती, पण प्रत्येकीची यंत्रणा वेगळी.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ही राजकीय हत्या. लक्ष्य ठरलेलं, गट लहान आणि गुप्त, भूभाग ताब्यात घेण्याचा विचार नाही. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. दंगलीत जमाव असतो, हाताला लागेल ते शस्त्र असतं आणि काळ तासांत किंवा दिवसांत मोजला जातो. ऑक्टोबर २००१ मध्ये मालेगावात झाली ती दंगल. २००६ आणि २००८ साली त्याच शहरात झाले ते दहशतवादी बॉम्बस्फोट. तिथे मेलेल्यांपेक्षा पाहणाऱ्यांच्या मनात भीती बसवणं हा हेतू असतो. लष्करी उठावात सरकारच्याच हातातली शस्त्रं सरकारवर वळतात.

या पायऱ्या नव्हेत. दंगल वाढत जाऊन आपोआप यादवी होत नाही. मधे संघटना, पैसा आणि लपायला जागा लागते, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. दोन समाजांमध्ये शेकडो वर्षांचं वैर असतं, म्हणूनच यादवी पेटते ना?

नाही. हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण वैर जुनंच आहे म्हटलं की कोणावरच जबाबदारी येत नाही.

सोमालियात जवळजवळ सगळे एकाच वंशाचे, एकाच भाषेचे, एकाच धर्मपंथाचे. तरी १९९१ मध्ये तिथलं राज्य कोसळलं ते पुन्हा नीट उभं राहिलं नाही. शेजारच्या पट्ट्यातल्या टांझानियात सव्वाशेच्या आसपास जमाती आहेत आणि स्वातंत्र्यानंतर तिथे यादवी युद्ध झालेलं नाही. रवांडात हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेती करत. बेल्जियन सत्तेने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात छापली आणि एकाच गटाला शिक्षण आणि नोकऱ्या दिल्या. १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र पाहून माणसं मारली गेली. साधारण शंभर दिवसांत सुमारे ८ लाख.

भाषेचा वाद आपल्यालाही ठाऊक आहे. १९५६ साली श्रीलंकेने सिंहली ही एकमेव राजभाषा केली. त्याच सुमाराला इकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. गोळीबारात शंभरावर माणसं गेली. पण १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं, दिल्लीने ते ऐकलं आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. अस्मिता दोन्हीकडे तितकीच तीव्र होती. इथे मागणी मांडायला आणि जिंकायला घटनेतली वाट शिल्लक होती, तिथे ती एकेक करून बंद करण्यात आली. कशी, ते प्रश्न ५ मध्ये.

४. मग खरी कारणं कोणती? गरिबी?

गरिबीचा संबंध आहे, पण सरळ नाही. गरीब देशांत यादवीची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं. मात्र बहुतेक गरीब देशांत बहुतेक वर्षं शांततेची असतात. गरिबीमुळे दोन गोष्टी होतात: बेकार तरुण थोड्या पैशात भरती होतो, आणि सरकारकडे रस्ते, पोलीस, गुप्त माहिती यांवर खर्चायला पैसा नसतो. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, असं आमचं मत आहे. दुबळं शासन एक तर बंड वेळीच ओळखू शकत नाही, किंवा ओळखलंच तर गावंच्या गावं जाळून उत्तर देतं आणि बंडखोरांना नवी माणसं मिळवून देतं.

त्याखालोखाल येतं सत्तेतून वगळणं. एखादा समाज गरीब आहे यापेक्षा, तो कालपर्यंत सत्तेत होता आणि आज अचानक बाहेर फेकला गेला, हे जास्त धोक्याचं. इराकमध्ये २००३ नंतर सद्दामचं सैन्य एका आदेशाने बरखास्त झालं. लाखो प्रशिक्षित माणसं पगाराविना आणि मानाविना घरी बसली. पुढच्या बंडाचे अनुभवी हात त्यातूनच आले.

तिसरा भाग पैशाचा. बंड चालवायला रोजचा खर्च असतो: धान्य, गोळ्या, औषधं, मेलेल्यांच्या घरच्यांना मदत. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात तो नदीपात्रातल्या हिऱ्यांतून निघाला. असे हिरे फावड्याने आणि चाळणीने काढता येतात, खाण लागत नाही. तेलाच्या विहिरीचं तसं नसतं, तिथे कंपनी, पाइपलाइन आणि बंदर लागतं. म्हणून तेलासाठी बंडखोर विहीर चालवण्यापेक्षा वेगळा प्रांत मागतात किंवा पाइपलाइन फोडण्याची धमकी देऊन खंडणी उकळतात.

आणि भूगोल. डोंगर, जंगल आणि सीमेपलीकडे आसरा असेल तर लहान टोळीही वर्षानुवर्षं टिकते. १८५७ नंतर भागोजी नाईकांनी सिन्नर-अकोल्याच्या डोंगरांत भिल्लांना घेऊन इंग्रजांना दोन वर्षं झुंजवलं ते याच बळावर.

चारही गोष्टी असूनही युद्ध होईलच असं नाही. ठिणगीच्या क्षणी नेते काय करतात, त्यावर बरंच ठरतं.

५. शांत देश युद्धापर्यंत कसा पोहोचतो? एक उदाहरण क्रमाने सांगाल का?

श्रीलंका घेऊ. एकेक दार कसं बंद झालं ते तिथे स्पष्ट दिसतं.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतल्या लाखो तमिळांचं नागरिकत्व गेलं. १९५६ मध्ये भाषेचा कायदा आला, म्हणजे सरकारी नोकरीचं दार बंद. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी तडजोडीचा करार केला. सिंहली विरोधापुढे झुकून पंतप्रधानांनी पुढच्याच वर्षी तो रद्द केला. तमिळ तरुणांनी यातून एवढंच घेतलं की सरकारची सहीसुद्धा टिकत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलले आणि तमिळ विद्यार्थ्याला त्याच अभ्यासक्रमासाठी जास्त गुण लागू लागले. जाफनाच्या मध्यमवर्गाची सगळी आशा शिक्षणावर होती, तिथेच घाव बसला. १९७६ मध्ये प्रमुख तमिळ पक्षांनी वेगळ्या राज्याचा ठराव केला. १९८१ मध्ये जाफनाचं सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आलं. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखितं राख झाली.

२३ जुलै १९८३ ला तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेने, दबा धरून १३ सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोत जमाव बाहेर पडला तेव्हा काहींच्या हातात मतदार याद्या होत्या. तमिळ घरं शोधायला त्यांना विचारपूस करावी लागली नाही. सरकारी कागद जमावाच्या हाती दिसला, की त्या हिंसेला उत्स्फूर्त म्हणता येत नाही. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती झाली आणि वेगळ्या राज्याची मागणीच बेकायदा ठरली. मवाळ तमिळ खासदारांच्या जागा गेल्या. बोलणी करायला आता फक्त बंदूकवाले उरले. वाघांनीही मग आपल्यातले मवाळ आणि प्रतिस्पर्धी संपवले. १९८९ मध्ये त्यांनी मवाळ तमिळ नेते अमिर्तलिंगम यांना मारलं.

युद्ध मे २००९ मध्ये संपलं. भारताची शांतिसेना १९८७ ते १९९० या काळात तिथे होती. तिचे हजाराहून अधिक जवान कामी आले.

६. व्हॉट्सअ‍ॅपच्या अफवांमुळे हिंसा होते का, की ती आधीच ठरलेली असते?

दोन्ही प्रकार आहेत आणि त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. मागे कोणतीही संघटना नव्हती. त्याच दिवशी मालेगावातही तशाच अफवेतून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. तिथे स्थानिक लोक मधे पडले, पोलीस पोहोचले आणि सगळे वाचले. अफवा एकच, दिवस एकच. फरक पडला तो पहिल्या काही मिनिटांत जमावातल्याच ओळखीच्या माणसांनी काय केलं याने. म्हणून अशा अफवेच्या वेळी सगळ्यात उपयोगी काम म्हणजे ११२ वर लगेच फोन करणं आणि घेरलेल्या माणसाला बंद खोलीत नेणं. जमावाशी वाद घालत बसण्यात वेळ जातो.

रवांडात उलटं होतं. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र लोकांची नावं आणि ठिकाणं सांगत होतं, आणि ऐकणाऱ्या टोळ्यांना आधीच प्रशिक्षण आणि कोयते मिळालेले होते. तिथे अफवा खोडून काढून काही झालं नसतं. प्रक्षेपण बंद पाडणं आणि टोळ्यांची शस्त्रं काढून घेणं हाच उपाय होता आणि तो कोणी केला नाही.

७. एकाच युद्धात मेलेल्यांचे आकडे इतके वेगवेगळे का असतात?

कारण मोजणारे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आकडा वाचताना चार गोष्टी पाहा: फक्त नागरिक की सैनिकही, फक्त लढाईतले मृत्यू की उपासमार-रोगाचेही, नावानिशी नोंदलेले की अंदाजाने काढलेले, आणि कोणत्या तारखेपर्यंतचे.

येमेनबाबत संयुक्त राष्ट्रांचा अंदाज २०२१ अखेर ३ लाख ७७ हजार मृत्यूंचा आहे. त्यांतले जवळजवळ ६० टक्के गोळीने किंवा बॉम्बने मेलेले नाहीत. दूषित पाणी, भूक आणि बंद पडलेले दवाखाने यांनी ते गेले. सीरियात २०११ ते २०२१ या दहा वर्षांत ३ लाख ६ हजारांवर नागरिक थेट युद्धात मेले, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा. सैनिक आणि लढवय्ये धरले तर एकूण ५ लाखांच्या पुढे जातो. दोन्ही बातम्या बरोबर असू शकतात.

दोन्ही बाजूंच्या सरकारी पत्रकांतले शत्रूच्या मृतांचे आकडे उत्तरपत्रिकेत वापरू नका.

८. युद्ध संपल्यावर सगळं पूर्ववत व्हायला किती वर्षं लागतात?

पूल आणि इमारती दहा वर्षांत उभ्या राहतात. ज्यांना जास्त वेळ लागतो त्या गोष्टी बातमीत येत नाहीत.

त्यातली एक म्हणजे बेपत्ता माणसं. लेबनॉनचं युद्ध १९९० मध्ये संपलं. सुमारे १७,००० बेपत्तांचा आकडा आजही सांगितला जातो. नवरा बेपत्ता असेल तर बाईला मृत्यूचा दाखला मिळत नाही. दाखला नाही म्हणून बँकेतले पैसे निघत नाहीत, जमीन नावावर होत नाही, पुन्हा लग्न करता येत नाही. मेल्याचा दाखला घ्यायला ती तयार नसते, कारण तो घेणं म्हणजे शोध सोडणं. श्रीलंकेने २०१६ मध्ये कायदा बदलून ‘अनुपस्थितीचा दाखला’ सुरू केला. तो दाखवून मृत्यू मान्य न करताही व्यवहार करता येतात. इतका साधा कागद, पण तो यायला युद्ध संपल्यावर सात वर्षं गेली.

जमिनीचंही तसंच. परतलेल्या कुटुंबाचे कागद जळालेले असतात आणि घरात दुसरं विस्थापित कुटुंब राहत असतं, त्यांचंही घर गेलेलं असतं.

रोग परत येतात. लसीकरण थांबल्यामुळे २०१३ मध्ये सीरियात चौदा वर्षांनी पोलिओ दिसला. भूसुरुंग शेतांत राहतात, नांगरणीच्या वेळी फुटतात. जगभरात घरदार सोडावं लागलेल्यांची संख्या २०२४ अखेर १२ कोटी ३० लाखांच्या घरात होती. त्यांतले बहुसंख्य स्वतःच्याच देशात विस्थापित आहेत, युरोपात नाहीत.

९. हे सगळं लांबच्या देशांत. नाशिकच्या शेतकऱ्याला त्याचं काय?

जुनं उदाहरण आधी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना येणारा अमेरिकी कापूस थांबला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओतला, सावकारांनी कुणब्यांना सढळ हाताने कर्ज दिलं, कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव कोसळले. सावकारांनी हात आखडला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. उठाव नगर जिल्ह्यात पसरला. माणसं फारशी मारली गेली नाहीत, राग कागदांवर होता. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. एका यादवीचा धक्का दहा वर्षांनी दुसऱ्या खंडात दुसऱ्या हिंसेला हातभार लावतो, तो असा.

आता अलीकडचं. येमेनच्या यादवीत सत्तेवर आलेल्या हुथींनी गाझातल्या युद्धाचं कारण देत नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. २०२४ च्या हंगामात न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणारी द्राक्षं सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं. कंटेनर शून्य अंशाच्या आसपास ठेवला आणि पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा गंधकयुक्त कागद) घातला, तरी वाढलेले दिवस भरून निघत नाहीत. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणीगळ होते, मग बुरशी. तिकडचा खरेदीदार देठ पाहूनच भाव पाडतो. ज्यांनी त्या काळात थोडी जास्त कडक, चांगल्या साखरेची आणि निरोगी देठाची बाग युरोपसाठी निवडली आणि बाकी माल जवळच्या बाजारांना वळवला, त्यांचा धोका कमी झाला.

किराण्यातही हे दिसतं. आपल्या आयात उडदाचा मोठा भाग म्यानमारमधून येतो. तिथे फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर लढाई चालू आहे.

१०. माझ्या द्राक्षाच्या कंटेनरचा विमा आहे. यादवी किंवा हल्ल्यात नुकसान झालं तर भरपाई मिळेल?

नेहमीच्या पॉलिसीत नाही. निर्यातदार सहसा ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए)’ घेतात. ‘ऑल रिस्क’ म्हणून ती ओळखली जाते, पण तिच्या सहाव्या कलमात युद्ध, यादवी, क्रांती, बंड यांमुळे झालेलं नुकसान वगळलं आहे आणि सातव्यात संप, दंगल आणि नागरी क्षोभ वगळला आहे. ही दोन संरक्षणं जादा हप्ता भरून स्वतंत्रपणे घ्यावी लागतात: एक वॉर क्लॉज, दुसरं स्ट्राइक्स क्लॉज. एक घेतलं म्हणजे दुसरं आलं असं समजू नका.

तरीही तीन ठिकाणी लोक फसतात. एक, वॉर क्लॉज माल जहाजावर असतानाच लागू असतो, बंदराबाहेरच्या गोदामात नाही. दोन, धोका वाढला की विमा कंपनी सहसा सात दिवसांची नोटीस देऊन तो रद्द करू शकते, म्हणून जहाज सुटण्याच्या तारखेला तो चालू आहे का ते लेखी विचारा. तीन, आणि द्राक्षवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं: उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, तो उशीर विम्यातल्या धोक्यामुळे झाला असला तरी. म्हणजे क्षेपणास्त्र लागून कंटेनर बुडाला तर दावा उभा राहील. वळशामुळे मणी गळले तर नाही.

हिंसेला नाव काय द्यायचं यावर लाखो रुपये ठरतात. लेबनॉनमध्ये १९७६ च्या जानेवारीत झालेल्या लुटीबद्दलचा दावा १९८० मध्ये लंडनच्या न्यायालयात निकाली निघाला. यादवी ठरवताना लढणाऱ्या बाजू ओळखता येतात का, त्यांचा हेतू काय आणि व्याप्ती किती, हे न्यायाधीशांनी तपासलं. तेव्हा तिथे अजून यादवी म्हणावी अशी स्थिती नव्हती, असं ते म्हणाले. तरी दावा फेटाळला गेला, कारण लोकउठावाच्या पातळीला पोहोचलेला क्षोभही त्या पॉलिसीत वगळलेला होता. आपली वगळणुकीची कलमं शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची ती यासाठी.

११. दोन्ही बाजू थकल्या, तरी युद्ध का थांबत नाही?

कारण तडजोडीसाठी कोणीतरी आधी शस्त्र ठेवावं लागतं, आणि जो आधी ठेवतो तो दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. दोन देशांत करार झाला की दोघांचंही सैन्य शाबूत राहतं. यादवीत एका सैन्याला अस्तित्वच सोडावं लागतं. करार वाईट असतो म्हणून तो मोडतो असं नाही, उद्याची खात्री कोणी देत नाही म्हणून मोडतो.

नेपाळने ही गाठ कशी सोडवली ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत तिथे सुमारे १७,००० माणसं गेली. करारानंतर माओवादी लढवय्ये सात मुख्य छावण्यांत आले. त्यांच्या बंदुका कंटेनरमध्ये ठेवल्या गेल्या. कंटेनरला कुलूप, किल्ली माओवाद्यांकडेच, पण पहारा आणि धोक्याचा भोंगा संयुक्त राष्ट्रांचा. नेपाळी सैन्यानेही तितकीच शस्त्रं कुलूपबंद केली. कोणी शरण आलं नाही, कोणी निःशस्त्र झालं नाही, आणि तरी शस्त्रं वापराबाहेर गेली. पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले. अल्पवयीन आणि उशिरा भरती झालेले वगळले गेले, त्यांतल्या अनेकांच्या मनात तो सल अजून आहे. शेवटी सुमारे १,४०० जण सैन्यात गेले आणि बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठलं. एवढ्याला सहा वर्षं लागली.

१२. शांततेच्या मार्गाने काही मिळतं का, की शेवटी बंदूकच लागते?

१९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या चळवळींच्या अभ्यासात अहिंसक चळवळींपैकी सुमारे ५३ टक्के आणि सशस्त्र चळवळींपैकी सुमारे २६ टक्के यशस्वी ठरल्या. कारण साधं आहे: बंदूक हातात घेणारे थोडे, रस्त्यावर बसू शकणारे अनेक. बायका, म्हातारे, दुकानदार, सरकारी नोकर आले की पोलिसांचा हात कचरतो. २०१० नंतर मात्र दोन्ही मार्गांचं यश घटलं आहे, सरकारंही शिकतात.

यश लगेच दिसतं असं नाही. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. रामनवमीला दगडफेक झाली, लोक जखमी झाले, शिस्त मोडली नाही. दार तेव्हा उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला.

१३. गडचिरोलीतला नक्षलवाद हे यादवी युद्ध आहे का?

प्रश्न १ च्या मोजमापानुसार तो सशस्त्र संघर्ष आहे: एक बाजू सरकार, दुसरी २००४ मध्ये स्थापन झालेली भाकप (माओवादी). भारत सरकार त्याला अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न मानतं. या फरकाला कायदेशीर अर्थ आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांचं सामाईक तिसरं कलम देशांतर्गत संघर्षालाही लागू होतं आणि भारत त्या करारांना बांधील आहे. यादवीबद्दल जास्त तपशील असलेल्या १९७७ च्या दुसऱ्या पूरक करारावर मात्र भारताची सही नाही.

हिंसा २०१० च्या सुमारास शिखरावर होती, त्यानंतर ओसरत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला.

१४. आणि मणिपूर?

३ मे २०२३ पासूनची मैतेई-कुकी हिंसा त्याच चौकटीत बसत नाही, कारण लढणाऱ्या दोन्ही बाजू बिगर-सरकारी आहेत. अडीचशेहून अधिक मृत्यू आणि सुमारे ६०,००० विस्थापित, म्हणून ती दंगलही नाही. पोलीस ठाण्यांतून हजारो शस्त्रं लुटली गेली आणि दोन समाजांमध्ये कोणी ओलांडू न शकणारे पट्टे तयार झाले. या दोन खुणा कुठेही दिसल्या तर गांभीर्याने घ्याव्यात.

१५. आमचा मुलगा अशा देशात अडकला तर आम्ही इथून काय करायचं?

१. तो तिथे पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच भारतीय दूतावासात नोंदणी करायला सांगा. सुटकेच्या याद्या त्यावरून निघतात. २. पासपोर्ट, व्हिसा आणि कामाच्या कराराच्या प्रती तुमच्या फोनमध्ये आणि कागदावर ठेवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर दूतावास तात्पुरता प्रवास दाखला देतो, त्यासाठी या प्रती लागतात. ३. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. ४. थोडी रोकड डॉलरमध्ये जवळ असू द्या, बँका आणि इंटरनेट आधी बंद पडतात. ५. दूतावासाने सांगितल्याशिवाय एकट्याने सीमेकडे निघू नका. २०२३ च्या ‘ऑपरेशन कावेरी’त सुदानमधले भारतीय बसने खार्टूमहून पोर्ट सुदानला, तिथून जेद्दाला आणि मग मायदेशी आले. तो आठशे किलोमीटरचा रस्ता ताफ्याशिवाय पार करणं जीवघेणं होतं.

येमेनला जाण्यावर भारताची २०१७ पासून बंदी आहे. एजंट काहीही सांगो.

१६. युद्धातल्या गुन्हेगारांना शिक्षा करायची की माफी द्यायची?

दोन्ही वाटा वापरल्या गेल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगाने खरं सांगणाऱ्यालाच माफी ठेवली. ७,११२ अर्जांपैकी माफी मिळाली ८४९ जणांना. रवांडाच्या ‘गचाचा’ गावन्यायालयांनी २०१२ पर्यंत सुमारे १९ लाख प्रकरणं निकालात काढली. नेहमीच्या कोर्टांना त्यासाठी शतक लागलं असतं. तिथे वकील नव्हते, साक्षीदारांना धमक्या आल्या, आणि सत्तेवर आलेल्या बाजूच्या सैनिकांचे गुन्हे त्या गावसभांपुढे आलेच नाहीत. लेबनॉनने १९९१ मध्ये सरसकट माफी दिली आणि टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. आमच्या मते यात सर्वांत वाईट वाट हीच, कारण प्रश्न ८ मधल्या कुटुंबांना विचारायला कोणी उरत नाही.

१७. सुदानमध्ये तर दोन्ही बाजू लष्करीच. मग सरकार कोण, आणि याला यादवी म्हणायचं का?

म्हणायचं. जनरल बुऱ्हान यांचं सैन्य आणि हेमेदती यांचं निमलष्करी दल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळून सत्ता बळकावली होती. निमलष्करी दल नियमित सैन्यात कधी आणि कोणाच्या हुकुमाखाली सामील करायचं यावरून बिनसलं आणि १५ एप्रिल २०२३ ला लढाई सुरू झाली. नोंद ठेवणारे संयुक्त राष्ट्रांत देशाची खुर्ची ज्याच्याकडे, त्याला सरकार धरतात. ती बुऱ्हान यांच्या बाजूकडे आहे.

हे केवळ तांत्रिक नाही. चाडमधून सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूरमध्ये धान्य नेण्याचा अद्रे हा मुख्य मार्ग. सीमेच्या सुदानी बाजूला ताबा निमलष्करी दलाचा, पण परवानगी देण्याचा अधिकार सरकार म्हणून तेव्हा पोर्ट सुदानमध्ये बसलेल्या सैन्याकडे होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सैन्याने तो मार्ग मदतीला बंद केला. ऑगस्टमध्ये दारफूरच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, आणि त्याच महिन्यात मार्ग पुन्हा उघडला.